जुन्या गाडीत नवा स्टिरिओ: पत्रा न कापता, मूळ वायर न तोडता

जुन्या गाडीत गाणी ऐकायची सोय करायची म्हटलं की पुण्यात पहिला सल्ला ठरलेला मिळतो. "मोठा स्क्रीन टाका, डॅशबोर्ड थोडा कापावा लागेल, पण गाडी एकदम नवी दिसेल." कृपा करून हा सल्ला ऐकू नका. गाडी नवी दिसावी म्हणून आपण ती पन्नास-पन्नास वर्षं सांभाळत नाही.

आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. आमच्याकडे येण्याआधीच कुणीतरी तिच्यात कॅसेट प्लेअर बसवला होता आणि त्यासाठी डॅशबोर्डची खालची कड चक्क कटरने कापली होती. प्लेअर केव्हाच भंगारात गेला, कापलेली कड मात्र तशीच राहिली. पत्र्याला टाका मारून, पुट्टी भरून, रंग जुळवून ती सरळ करायला नव्या स्टिरिओपेक्षा जास्त पैसे गेले, आणि तिरप्या उन्हात तो जोड अजून दिसतो. तेव्हापासून मी एकच अट पाळते: जे बसवायचं ते साध्या पान्यानं आणि स्क्रू ड्रायव्हरनं अर्ध्या तासात काढता आलं पाहिजे, आणि काढल्यावर गाडी होती तशी दिसली पाहिजे. खालची प्रत्येक पायरी याच अटीवर आधारलेली आहे.

या अटीला आता व्यवहाराचीही बाजू आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. तुमची गाडी आज त्या वयाची नसेल, तरी उद्या होईल. तेव्हा डॅशबोर्डला भोक पडलेलं नको.

आधी गाडी समजून घ्या

स्टिरिओच्या दुकानात जाण्याआधी बॉनेट उघडा. बॅटरीवरची पाणी भरायची झाकणं मोजा. सहा असतील तर १२ व्होल्ट, तीन असतील तर ६ व्होल्ट. आजचा जवळजवळ प्रत्येक सेट १२ व्होल्टचा असतो, त्यामुळे ६ व्होल्टच्या गाडीत तो सरळ जोडता येत नाही. सीलबंद बॅटरीला झाकणं नसतात, तिथे मल्टिमीटर लावा.

नंतर बघा की बॅटरीची कुठली जाड केबल थेट बॉडीला गेली आहे. फियाटच्या घराण्यातल्या गाड्यांची, म्हणजे पद्मिनीचीही, निगेटिव्ह बॉडीला असते आणि नव्या स्टिरिओला हेच लागतं. इंग्रजी घडणीच्या जुन्या गाड्यांमध्ये मात्र पॉझिटिव्ह बॉडीला असू शकते. नव्या सेटचा लोखंडी डबा स्वतःच निगेटिव्ह असतो. पॉझिटिव्ह 'अर्थ'च्या, म्हणजे पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेल्या, गाडीत तो डॅशबोर्डला टेकला की सरळ शॉर्ट होतो. अशा गाडीचा अर्थ बदलता येतो, पण त्यात डायनामोला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, नव्यानं ध्रुवता द्यावी लागते, इग्निशन कॉइलच्या वायरी आणि अँपिअर मीटर उलटवावे लागतात. ते काम जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. "सगळ्या गाड्या सारख्याच असतात" असं जो म्हणेल त्याच्या हातात गाडी देऊ नका.

तिसरी तपासणी चार्जिंगची. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला की १३.८ ते १४.४ दिसायला हवं. मग हेडलाइट लावून पुन्हा बघा. डायनामोच्या गाडीत आयडलिंगला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणतो, ते नैसर्गिक आहे, पण रेस दिल्यावर तो विझलाच पाहिजे. विझत नसेल तर आधी बेल्ट, डायनामोचे ब्रश आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा रिले) यांची कामं करून घ्या. पावसाळ्यात संध्याकाळी कात्रजच्या चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलात की हेडलाइट, टेललाइट, वायपर आणि कॉइल मिळून चौदा-पंधरा अँपिअर सहज खातात, आणि त्या वेळी आयडलिंगवरचा डायनामो जवळजवळ काहीच देत नसतो. त्यात स्टिरिओचे दोन-तीन अँपिअर वाढतात. हे बॅटरीतूनच जाणार, हा हिशोब आधी करून ठेवा.

सेट कुठला घ्यायचा

जुन्या गाडीला शोभतो तो 'कंपनी फिटेड' दिसणारा सेट. काळा, सपाट तोंडाचा, फिरवायची बटणं असलेला, एकरंगी अक्षरांचा, पण आत ब्लूटूथ आणि यूएसबी असलेला. परदेशात यासाठी खास सेट निघतात. ब्लाउपुंक्टने आपला १९८० च्या दशकातला 'ब्रेमेन एसक्यूआर ४६' त्याच जुन्या चेहऱ्यानं, आत नवी यंत्रणा घालून पुन्हा काढला, तो याच मागणीसाठी. असे सेट मागवताना एक गोष्ट लक्षात घ्या. त्यांच्या किमतीत 'डॅब' या डिजिटल रेडिओचे पैसेही धरलेले असतात आणि आपल्याकडे आकाशवाणीनं डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत घेतली आहे. त्यामुळे डॅबसाठी जास्तीचे पैसे देऊ नका.

दुसरी गोष्ट लोकांना सेट बसवल्यावर कळते. अमेरिकेसाठी बनलेला सेट एफएमवर फक्त विषम दशांशावर थांबतो: १००.९, मग थेट १०१.१. आकाशवाणी पुण्याचं एफएम आहे १०१.० वर. म्हणजे पुण्यात बसून विविध भारती नीट लागणार नाही. मीडियम वेव्हचंही तेच. आपली केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं आहेत, अमेरिकेची १० च्या. पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, तो सेट ७९० वर थांबणार. सेटच्या मेन्यूत 'प्रदेश' बदलायची सोय आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा.

माप सोपं आहे. सिंगल डिन म्हणजे दर्शनी तोंड साधारण १८० बाय ५० मिलिमीटर. खोली मात्र प्रत्येक सेटची वेगळी. सीडी असलेला सेट १६० मिलिमीटरच्या आसपास आत जातो, सीडी नसलेला आखूड सेट १०० च्या आसपास. जुन्या गाडीत डॅशबोर्डच्या मागे वायपरचे दांडे, स्पीडोमीटरची केबल आणि चोकची तार यांची दाटी असते, म्हणून आखूड सेटच घ्या. पुठ्ठ्याचा त्याच मापाचा डबा करा, मागे वायरींसाठी तीन बोटं जागा जास्त धरा, आणि तो ठरलेल्या जागी धरून वायपर चालवून बघा. या एका पुठ्ठ्यानं माझा एक चुकीचा सेट विकत घेणं वाचवलं.

बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात नव्या गाड्यांमधून काढलेले अस्सल कंपनीचे सेट दिसतात. दिसायला देखणे आणि स्वस्त असतात, तरी मी घेत नाही. बऱ्याच सेटना कोड मागितला जातो, काही सेट मूळ गाडीच्या कॉम्प्युटरकडून संदेश आल्याशिवाय जागेच होत नाहीत, आणि पुष्कळांचं तोंड त्या एकाच गाडीच्या डॅशबोर्डच्या वळणाचं असतं. शिवाय तो कुणाच्या गाडीतून कसा निघाला, हे कोण सांगणार?

'४ गुणिले ५० वॉट' या छापील आकड्याला भुलू नका. सेटच्या मागे १० अँपिअरचा फ्यूज असतो. १४ व्होल्टला १० अँपिअर म्हणजे १४० वॉट. त्या सेटमधून सतत २०० वॉट निघतील कुठून? खरी ताकद प्रत्येक स्पीकरला पंधरा-वीस वॉट एवढीच असते आणि पद्मिनीच्या आकाराच्या गाडीला ती पुरून उरते.

सामान

वायर, हीट श्रिंक नळी, कंडेन्सर, फ्यूज होल्डर, टॉगल स्विच हे सगळं बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवायचं कडं) आणि गाडीचे जुन्या पद्धतीचे चिनी मातीचे फ्यूज यांसाठी नाना पेठेत जा. पॉझिटिव्ह आणि अर्थसाठी अडीच एमएमची, स्पीकरसाठी एक एमएमची वायर पुरते. दुकानदाराला "गाडीसाठी, बारीक तारांची" असं स्पष्ट सांगा. घराच्या वायरिंगची एकेरी तार गाडीच्या हादऱ्यानं तुटते.

वायरिंग

सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून करा. हे "नंतर बघू" म्हणून सोडायचं काम नाही.

नव्या सेटच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी सतत पॉझिटिव्ह, लाल चालू-बंद करणारी, काळी अर्थ, निळी अँटेनासाठी, केशरी दिव्यांसाठी. पुढचा डावा स्पीकर पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती त्या स्पीकरची निगेटिव्ह. तरी सेटवरचा कागद बघूनच जोडा. आयएसओ प्लग असलेल्या काही सेटमध्ये पिवळी आणि लाल यांच्या जागा बदललेल्या असतात.

पिवळी वायर गाडीच्या जुन्या फ्यूज बॉक्समधून घेऊ नका. थेट बॅटरीपासून नवी वायर आणा आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर बसवा. फ्यूज सेटवर लिहिलेल्या अँपिअरचाच घ्या. वीतभर म्हणते त्याला कारण आहे. फ्यूज वायरीचं रक्षण करतो आणि बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा कायम उघडाच राहतो. आमच्या पद्मिनीत जुन्या कॅसेट प्लेअरची वायर फ्यूजशिवाय आणलेली होती. प्लेअर काढताना ती कुणी तोडली नाही, नुसती टेप गुंडाळून आत सारली. एका पावसाळी दुपारी बोगदा ओलांडल्यावर डॅशबोर्डमागून जळक्या रबराचा वास आला. गाडी कडेला घेऊन खाली वाकून पाहिलं, तर वायपरच्या दांड्यानं घासून घासून वायरीचं कव्हर सोललेलं, तांबं उघडं पडलेलं आणि भोवतीचं रबर फुगून काळं झालेलं. बाबांनी पाना घेऊन बॅटरीची केबल काढली म्हणून तेवढ्यावर निभावलं. तुमच्या गाडीत असं एखादं अनाथ टोक लोंबत असेल तर नवा सेट घालण्याआधी ते मुळापासून काढा.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून वायर आणताना नवं भोक पाडू नका. आधीच्या ग्रोमेटमधून केबलच्या कडेनं ती सहसा निघते. उघड्या पत्र्याच्या कडेवरून वायर कधीही नेऊ नका.

आता लाल वायर. पुष्कळ जुन्या गाड्यांच्या किल्लीला रेडिओसाठी वेगळा टप्पा नसतो. किल्ली फिरवली की इग्निशनच चालू. लोक लाल वायर तिथेच जोडतात आणि मग सिंहगडाच्या पायथ्याशी इंजिन बंद, किल्ली चालू ठेवून तासभर गाणी ऐकतात. त्या वेळी डिस्ट्रिब्यूटरचे पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून सतत तीन-चार अँपिअर वाहत राहतात. कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते आणि पॉइंटही जळतात. मी लाल वायर पिवळीच्याच फ्यूजपुढून घेऊन एका छोट्या टॉगल स्विचमधून दिली आहे. स्विच डॅशबोर्डच्या खाली, मूळच्याच एका स्क्रूला अडकवलेल्या पट्टीवर आहे. बहुतेक सेटमध्ये लाल वायर फक्त इशारा देते, मुख्य प्रवाह पिवळीतून जातो, म्हणून साधा स्विच चालतो. दिवा असलेला स्विच घ्या म्हणजे विसरायला होत नाही.

पिवळी वायर कायम जोडलेली असली की सेट बंद असतानाही थोडा प्रवाह खातो. १० मिलिअँपिअर धरले तर महिन्याला सुमारे सात अँपिअर-तास होतात. पार्किंगमध्ये दोन महिने झाकून ठेवलेल्या गाडीची छोटी बॅटरी जवळजवळ अर्धी रिकामी. गाडी फक्त रविवारी निघत असेल तर बॅटरीला कटऑफ स्विच लावा. स्टेशनं पुन्हा लावावी लागली तरी चालेल.

अर्थ

नाना पेठेतल्या ज्या वायरमन काकांकडून मी हे काम शिकले, त्यांच्याकडे स्टिरिओची कुठलीही तक्रार नेली की ते एकच म्हणायचे, "ताई, आधी अर्थ उघडून बघा, मग माझ्याकडे या." दहापैकी नऊ वेळा मला पुन्हा जावं लागलं नाही.

डॅशबोर्डमागचा कुठलाही स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. त्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. बॉडीच्या जाड भागाला असलेला मूळचा बोल्ट शोधा. तो काढा आणि त्याच्याखाली रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरनं घासा. आधी वरचा रंग निघेल, मग तांबूस प्रायमर, मग चंदेरी पत्रा. तो चमकायला लागेपर्यंत घासत राहा. काळ्या वायरीला लग दाबून बसवा, नुसती पिळून गुंडाळू नका. लग, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट, घट्ट आवळायचा. वरून पेट्रोलियम जेली चोपडा, नाहीतर पुण्याच्या चार महिन्यांच्या दमट हवेत तो चमकणारा पत्रा दिवाळीपर्यंत तांबडा होतो. शेवटी मल्टिमीटरचं एक टोक लगवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा. आकडा शून्याला चिकटून असला पाहिजे.

स्पीकर

जुन्या रेडिओला एकच स्पीकर असायचा आणि कित्येकदा त्याची एक वायर बॉडीलाच जोडलेली असायची. तो स्पीकर नव्या सेटला जोडू नका. नव्या सेटच्या स्पीकरची निगेटिव्ह वायर बॉडीला लागली की आतला ॲम्प्लिफायर जातो. प्रत्येक स्पीकरला सेटपासून स्वतःच्या दोन वायरी हव्यात.

दारं कापायची नाहीत. पुढे दोन चार इंची स्पीकर पायांजवळ, बाजूच्या पत्र्याला टेकतील अशा छोट्या लाकडी खोक्यांत बसवा. मागच्या काचेखालच्या फळीलाही भोक पाडू नका. त्याच आकाराची १२ मिलिमीटर प्लायवूडची वेगळी फळी करून घ्या, तिला स्पीकर लावा, वर गाडीच्या रंगाचं रेक्झिन चढवा आणि मूळ फळीवर ठेवून द्या. तिथे एप्रिल-मेचं ऊन थेट पडतं, म्हणून कागदी कोनचे स्पीकर तिथे टिकत नाहीत. सगळे चार ओहमचे घ्या.

स्पीकरवर अधिक-उणे पुसलं गेलं असेल तर साधा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचं अधिक टोक जिथे होतं ते स्पीकरचं अधिक. एका बाजूचा उलटा जोडला गेला तर तबल्याचा डग्गा गायब होतो आणि लोक सेटला दोष देतात.

आवाजातली कुरकुर

गाडी चालू केल्यावर रेडिओत आवाज येतोच. घाबरू नका, नीट ऐका. रेस वाढवली की सूर चढत जाणारी शिट्टी आली तर ती डायनामोची. टिकटिक आली आणि ती इंजिनच्या वेगाबरोबर वाढली तर ती इग्निशनची. मग ब्लूटूथवर गाणं लावा. तिथे आवाज स्वच्छ असेल तर घाण अँटेनातून शिरते आहे, तिथेही कुरकुर असेल तर वायरिंगमधून किंवा अर्थमधून.

डायनामोच्या शिट्टीवर जाडजूड कंडेन्सर लावतात. तो मोठ्या, आउटपुटच्या टर्मिनलवर आणि त्याची बॉडी डायनामोच्या बॉडीला. फील्डच्या छोट्या टर्मिनलवर चुकूनही लावू नका, चार्जिंग बिघडतं. टिकटिकीसाठी दुसरा कंडेन्सर कॉइलच्या त्या टोकावर, जिथे किल्लीकडून करंट येतो. डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या टोकावर नाही. प्लगच्या वायरी तांब्याच्या असतील तर पाच किलोओहमच्या सप्रेसर टोप्या लावा, बराच फरक पडतो.

अँटेना बॉडीवर असेल तर तिच्या बुडाखाली उघडा पत्रा हवा. बॉडीला भोक नसेल तर काचेवर आतून चिकटवायची अँटेना घ्या. मीडियम वेव्हवर ती कमी पडते, पण गाडीला भोक पडत नाही, आणि माझ्या दृष्टीनं तेवढं पुरे.

बसवणं आणि चाचणी

डॅशबोर्डमध्ये रेडिओची मूळची खिडकी असेल आणि सेटचं तोंड तीत मावत असेल तर उत्तम. नसेल तर डॅशबोर्डखाली लटकणारी लोखंडी चौकट मूळच्याच स्क्रूंवर बसवा. सेटच्या मागच्या बाजूलाही एक पट्टी देऊन आधार द्या, नाहीतर खड्ड्यांनी पुढची चौकट वाकते. ग्लव्हबॉक्समध्येही छान लपतो, फक्त माइक बाहेर काढून स्टिअरिंगजवळ लावा.

बॅटरीची केबल जोडण्याआधी फ्यूज काढून ठेवा. केबल जोडा, मग फ्यूज घाला, मग स्विच लावा. १०१ लावा, ७९२ लावा, इंजिन चालू करून पुन्हा ऐका, हेडलाइट आणि वायपर लावून पुन्हा ऐका. मग एक चक्कर खंबाटकीपर्यंत मारा. घाटात डोंगराआड एफएम खरखरणारच, तो सेटचा दोष नाही. मीडियम वेव्ह त्या मानानं टिकून राहते.

घरी आल्यावर एक कागद घ्या. कुठली वायर कुठून घेतली, फ्यूज किती अँपिअरचा, अर्थचा बोल्ट नेमका कुठला, कंडेन्सर कुठे आहेत हे सगळं मराठीत, ठळक अक्षरात लिहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवा, आणि त्याच पिशवीत गाडीतून काढलेले मूळचे स्क्रू आणि झाकणपट्टीही. पुढच्या रविवारी अर्थचा बोल्ट पुन्हा एकदा आवळा. नवा लग पहिल्या आठवड्यात थोडा बसतो.